गरिबीचा तास दुपारी तीनला

मळा, कुंडल
४ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीला आज्जीचे पोटभर आशीर्वाद.

तिथं पोलीस भरतीच्या अकॅडमीत तुमचे फोन पेटीत घालून ठेवतात म्हणून तुझ्या बापानं लय त्रागा केला, पर मला बरं वाटलं बघ. फोनवर तू "हं, बोल आज्जी, हं" म्हणतीस आन् डोळे दुसरीकडंच असतात, हे न कळायला मी काय दूधखुळी हाय? पत्र वाचताना माणसाला पत्रच वाचाय लागतं. माझी शाळा तिसरीपतूर, काना-मात्रा सांडलं असंल, तर गोड मानून घे. पोलिसात गेल्यावर तू लोकांचे जबाब वाचणार, त्यातलं निम्मं असंच असतंय. आतापासनं सवय कर.

बातमी अशी की मी इंग्रजी शिकतीया. हसलीस नव्हं? हस. मला बी हसू येतं.

सांगलीच्या एका संस्थेनं मारुतीच्या देवळाच्या मंडपात बायकांचा वर्ग काढलाय. मंगळवारी आन् शुक्रवारी, दुपारी तीनला. शिकवायला ज्ञानदा मॅडम येतात. पोर गोड हाय, पर हडकुळी. येताना रोज चष्मा पुसत येती आन् जाताना माझ्याकडनं धपाटं खाऊन जाती. तिची रीत अशी की एका विषयावर गप्पा मारायच्या आन् त्यातनं रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द उचलायचे. आता विषय कुठला घ्यावा शहाण्यानं? स्वैपाक घ्यावा. सुना घ्याव्यात. सुनांवर मी इंग्रजीत बी तासभर बोलीन, तुझ्या आईला सांगू नको. तर न्हाई. पुस्तकावरच छापलंय, गरिबी आन् समाज. सगळे शब्द त्यातनंच काढायचे.

पयल्या दिवशी एकेकीनं उठून म्हणायचं, "आय ॲम पुअर." लालासाहेबांची मालन पयली उठली. बारा एकर ऊस, दारात दोन ट्रॅक्टर, गळ्यात चपलाहार. खणखणीत आवाजात म्हणाली, आन् म्हणताना हार नीट केला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझी पाळी आली तवा मी म्हटलं, "मॅडम, देवळात बसून मला खोटं बोलवत न्हाई. साडेसहा एकर बागायत हाय, पोरगा सयाजी सोसायटीत संचालक हाय."

"आजी, हा नुसता सराव आहे हो."

"मग रिचचा सराव करूया की. तोंडाला तरी गोड लागंल."

त्या वर्गात खरी गरीब कोण म्हणशील, तर आपल्या उसात कामाला येती ती चंद्राबाई. ती वर्गात न्हाई, मंडप झाडायला येती. झाडून झालं की खांबाला टेकून ऐकत बसती. मी म्हटलं, "चंद्रे, तू बी म्हण की." तर म्हणाली, "आज्जी, मला म्हणून दाखवाय कशाला पायजे?" सगळ्या हसल्या. मी बी हसले.

चंद्राबाईचं आता बरं चाललंय. पयलं ती तासगावला बेदाण्याच्या शेडवर जायची, ते दोन वर्सं झाली सोडलं. आपल्याकडंच असती. आपल्याच नळाचं पाणी भरती. आपलं कुणी न्हाई असं तिला वाटत नसंल.

पळताना पोटात काहीतरी घालून पळत जा.

तुझी आज्जी,
अंबूबाई

*

सातारा
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आज्जी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र खोलीतल्या सगळ्या मुलींनी वाचलं. "मग रिचचा सराव करूया की" हे आता आमच्याकडं म्हण झालंय. दोरीवर चढता नाही आलं की कोणीतरी खालून ओरडतं.

पहाटे पाचला आम्हाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत पळवतात. पळणं जमतं. त्याच्या आधीचं जमत नाही. चाळीस मुली आणि तीन नळ. पावणेपाचला बादली लावली नाही, तर बिनअंघोळीचं जावं लागतं आणि दिवसभर स्वतःचाच वास स्वतःला येतो. पाण्यासाठी थांबणं म्हणजे काय, ते मला इथं येऊन कळलं. आपल्या मळ्यात कधी कळायची वेळच आली नाही.

म्हणून विचारते, चंद्रामावशीनं शेड का सोडलं? मी बारावीला असताना ती सकाळी सहाच्या जीपनं जायची आणि संध्याकाळी सातला यायची. येताना माझ्यासाठी पदरात मूठभर बेदाणे. तिथं तिला रोजगार बरा मिळायचा, सावलीत बसून काम होतं. उसाचा पाला हाताला कापतो म्हणून तीच सांगायची. मग ते सोडून ती आपल्या उसात का आली?

आणि गरिबीच्या वर्गात मालनकाकी आहे नि चंद्रामावशी खांबाला, हे कसं काय?

तुझी,
राजनंदिनी

*

मळा, कुंडल
२१ फेब्रुवारी २०२५

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तुझ्या त्या तीन नळांचं वाचून जीव तुटला. तुझा बाप म्हणाला, मोठ्या सायबाला फोन करतो. मी म्हटलं, गप बस, चोर पकडायला निघालेल्या पोरीला बादली धरता आली पायजेच.

वर्गात मी आता पुढं गेलीया. मागल्या मंगळवारी शब्द आला कम्युनिटी. मॅडम म्हणाल्या, तुमच्या गावात कोण कोणाला कशी मदत करतं ते सांगा. मी पैरा सांगितला. आज मी तुझ्या रानात खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये, कुणी कुणाला पैसा द्यायचा न्हाई. मॅडमना इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, माझा फोटू काढला. मग इचारलं, "मग आजी, चंद्राबाईसुद्धा तुमच्या पैऱ्यात असतील ना?"

आता हिला कसं सांगायचं? जिला रान न्हाई तिच्याशी पैरा कसा करणार? ती माझ्या रानात येईल, पर मी कुठल्या रानात जाऊ तिच्या? तिच्या खोपीभोवती चार मिरच्या आन् एक शेवगा. मालन म्हणाली, "तिला आमी रोजगार देतो की." मॅडम "अच्छा" म्हणाल्या आन् चष्मा पुसला. मग मी धपाटं काढलं.

त्या दिवसापासनं मॅडमनी चंद्राबाईला वही दिली आन् सतरंजीवर बसवली. मालननं आपली सतरंजी जरा वढून घेतली, मी बघितलं. पर चंद्राबाईची हुशारी बघून मी गार पडले. आमी मोठमोठे शब्द गिरवतोय आन् ही मॅडमना इचारती, "नळाला काय म्हणायचं? कुलपाला? किल्लीला? सकाळचे सात कसं म्हणायचं?" बाई कामाची हाय बघ, शब्द बी घरकामाचेच उचलती.

तू शेडचं इचारलंस. माणसाला एकाच जागी काम केलं की कंटाळा येतो, दुसरं काय. तिथं खोकी उचलाय लागत्यात. आपल्याकडं आपलेपणा हाय.

खरी बातमी म्हंजे संस्थेचे पाव्हणे येणार हायत, सात मार्चला. पुण्याचे दोघं आन् एक बाई परदेशातली. त्यास्नी वर्गातली एक गरीब बाई इंग्रजी बोलताना बघायची हाय. कुणाला उभं करायचं यावर आमच्यात भांडणं. महिनाभर सगळ्या "आय ॲम पुअर" म्हणत होत्या, आन् पाव्हण्यांसमोर म्हणायची येळ आली तवा एकीच्या बी अंगाला गरिबी चिकटंना. मालन म्हणाली, "आमच्या ह्यांना काय वाटंल?" शेवटी चंद्राबाईवर ठरलं. वाक्य मीच बसवून घेतीया तिच्याकडनं, "माय कम्युनिटी हेल्प्स मी." चारदा म्हणाली. पाचव्यांदा मला म्हणाली, "आज्जी, हेल्प म्हंजे नक्की काय काय वो?" मी म्हटलं, "अगं, आपण तुला पाणी देतो, काम देतो, ते." ती "बरं" म्हणाली.

तुझी,
आज्जी

*

सातारा
३ मार्च २०२५

आज्जी,

हे पत्र पाहुणे यायच्या आत पोचावं म्हणून आजच टाकते.

तू तिसरी शिकलेली असलीस तरी गोष्ट कशी टाळायची ते तुला बारावी झालेल्यांपेक्षा जास्त येतं. शेडवर कंटाळा आला म्हणे! आज्जी, आपला बांधावरचा नळ आधी दिवसभर उघडा असायचा. ओढ्याकडच्या चारही घरांतल्या बायका हव्या तेव्हा भरायच्या. मी शाळेतून येताना सायकल तिथंच धुवायचे. मग एके दिवशी बाबांनी नळाला लोखंडी पेटी बसवली, कुलूप लावलं. सकाळी सात ते आठच उघडायचं. मोटर जळते, असं मला सांगितलं होतं. मी तेव्हा अभ्यासात होते, खरं मानलं.

परवा नळावर बादली घेऊन उभी होते तेव्हा हिशोब लागला. जीप सहाला जाते. कुलूप सातला निघतं, आठला लागतं. जीप परत येते संध्याकाळी सातला. म्हणजे जी बाई शेडवर जाईल, तिच्या घरात दिवसभर पाण्याचा थेंब नाही. लेकरं, शेळ्या, स्वयंपाक, काहीच नाही. कुलूप लागलं त्याच महिन्यात चंद्रामावशी आपल्या उसात आली. बाकीच्या तिघी मालनकाकीच्या उसात.

सात वाजता, हे कोणी सांगितलं बाबांना? खरं लिही.

आणि तिला ते वाक्य म्हणायला लावू नको.

राजनंदिनी

*

मळा, कुंडल
१० मार्च २०२५

चि. राजनंदिनीस,

तुझं पत्र आठ तारखेला आलं. पाव्हणे सातला येऊन गेले. पोष्टाला काय म्हणायचं ते पोलिसात गेल्यावर तूच म्हण.

झालेलं सगळं सांगते. मधे थांबू नको.

पाव्हणे येणार म्हटल्यावर आपल्याकडं काय करत्यात? दारात पाव्हणा आला आन् बाईच्या गळ्यात काय न्हाई, तर घराची अब्रू जाती. ह्यात कुणी कुणाला सांगाय लागत न्हाई. सात तारखेला बारा वाजता आमी बावीसजणी मंडपात जमलो आन् एकमेकींकडं बघून आमचं आमालाच कळलं. सगळ्यांनी पेटीतलं काढलेलं. पैठण्या, बोरमाळा, ठुशा. मी तुझ्या आज्ज्यानं केलेली मोहनमाळ घातलेली. मालनच्या दंडात वाकी, कमरेला पट्टा, नुसती देवी. पाव्हण्यांना पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप. मागं फळा, त्याच्यावर मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पॉव्हर्टी. आमी त्याच्याखाली वळीनं बसलेल्या. परदेशातल्या बाईनं पोळी खाल्ली, आमच्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं, परत आमच्याकडं बघितलं. ज्ञानदा मॅडमचा चष्मा पुसून पुसून झिजला असंल.

मग चंद्राबाईला पुढं बोलावलं. धुतलेलं लुगडं, काळ्या मण्यांची एक सर. ती फळ्याखाली उभी राहिली तवा कुठं त्या फळ्याला अर्थ आला.

पाव्हण्या बाईनं हसून इंग्रजीत इचारलं, तुमचा समाज तुमाला कशी मदत करतो?

मी खालनं ओठ हलवून दाखवत हुते. चंद्राबाई म्हणाली, "माय कम्युनिटी..." आन् थांबली. मला वाटलं इसरली. मी परत ओठ हलवले. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई गं.

म्हणाली, "वॉटर. टॅप. लॉक."

"लॉक?"

"लॉक. मॉर्निंग सिक्स, जीप. तासगाव. गुड वर्क. मॉर्निंग सेवन, टॅप ओपन. एट, लॉक. नो वॉटर, नो जीप. नो जीप, शुगरकेन." आन् दोन्ही हात पुढं करून दाखवले. पाल्यानं चिरलेले.

मालननं दंडातली वाकी पदराखाली घेतली.

बाईनं हळूच इचारलं, "हू हॅज द की?"

चंद्राबाईनं बोट केलं. "अंबूबाई," म्हणाली. बाईला पटकन कळंना कुठली अंबूबाई, बावीसजणी सारख्याच चकाकत्यात. तवा ती म्हणाली, "गोल्ड. बिग. थर्ड."

तिसरी मीच हुते.

इतकं चांगलं इंग्रजी आमच्या वर्गात कुणाला आलं न्हाई. मॅडमचा सुद्धा एवढा सगळा अर्थ एवढ्या थोड्या शब्दांत बसत न्हाई. मालननं तेवढ्यात तोंड घातलं, "अहो, आजींचा नळ आहे तो, आमचा नाही हं!" बघ, समाज.

घरी आल्यावर सयाजीनं अंगणात बादली आपटली. "आपलं पाणी पिऊन आपल्यालाच? उद्यापासनं एक थेंब न्हाई!" तवापासनं नळ बंद हाय. पेटीची किल्ली त्याच्या खिशात. चारही घरच्या बायका मैलभर लांब शाळेच्या टाकीवर जात्यात. चंद्राबाई उसाला येत न्हाई.

तू इचारलंस ते. मीच सांगितलं हुतं. कुलूप लाव हे सयाजीचं, मोटर खरंच जळली हुती. पर येळ माझी. त्या वर्साला उसाच्या भांगलणीला, तण काढायला, बाई मिळंना. शेडवाल्यांनी सगळ्या बाया वढून नेल्या. मी ओट्यावर बसून म्हटलं, सातला उघड. एवढंच. कुणाला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. दुसऱ्या आठवड्यात चंद्राबाई इळा घिऊन दारात आली. आन् मी तिला च्या केला, म्हटलं आलीस ते बरं केलंस.

दोन वर्सं मला वाटत हुतं, कुणाला कळलं न्हाई. कळलं सगळ्यांना हुतं. फकस्त मराठीत कुणी बोललं न्हाई.

आज्जी

*

सातारा
१५ मार्च २०२५

आज्जी,

खरं लिहिलंस. बाबांनी आयुष्यात नसतं लिहिलं.

पण लिहून पाणी येत नाही. पाडव्याला दोन दिवस सुट्टी आहे. नळ बंद असेल तर मी घरी येणार नाही, मैत्रिणीकडं कराडला जाईन. चंद्रामावशी मैलभरावरून हंडा आणत असताना मला आपल्या मोरीत अंघोळ करवणार नाही.

त्या नळाला जिचं पाणी येतं ती बोअर कोणाच्या तुकड्यात आहे, तेवढं आठव.

राजनंदिनी

*

मळा, कुंडल
२५ मार्च २०२५

माझ्या फौजदारणीला आज्जीचे लाख आशीर्वाद.

मला धमकी देतीस व्हय गं? पोलीस व्हायच्या आधीच? बरं केलंस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी सयाजी जेवाय बसला. मी भाकरी वाढली आन् म्हटलं, "किल्ली दे."

"न्हाई मिळायची."

"बोअर माझ्या तुकड्यात हाय. सातबारा माझ्या नावाचा. तुला वाचता येतं, मला बी माझं नाव वाचता येतं."

"आये, गाव हसंल. तिनं नाव घेतलं आन् आपण पाणी दिलं, म्हंजे भ्यालो म्हणत्याल."

"भ्यालोच की. मग?"

तुझी आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत हुती. तीस वर्सांत पयल्यांदा ती माझ्या बाजूनं हसली बघ. किल्ली मिळाली, पर मी ती वापरली न्हाई. गावच्या लोहाराला बोलावून पेटीच कापून काढली. किल्ली म्हंजे कुणाच्या तरी हातात राहणारच, आन् माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई.

आता नळ पयल्यागत. मला वाटलं, चंद्राबाई येऊन पाया पडंल, आमी दोघी रडू, च्या पिऊ. कसलं काय. दुसऱ्या दिवशी पहाटं पाचला चार भांडी भरली आन् सहाच्या जीपनं तासगावला. माझ्याकडं बघून मान हलवली, तशी मी रस्त्यानं जाणाऱ्या एश्टीतल्या माणसाकडं बघून हलवती.

पर खरी गंमत पुढंच हाय. गेल्या शुक्रवारी ज्ञानदा मॅडम धावत आल्या. संस्थेला कळवायचंय म्हणाल्या की आमच्या वर्गामुळं गावचं पाणी खुलं झालं. म्हंजे दोन वर्सं माझं कुलूप, ते काढायला लावलं चंद्राबाईनं आन् तू, कापलं लोहारानं, आन् केलं कुणी? वर्गानं! फोटू पायजे हुता, मी नळ सोडतीया आन् चंद्राबाई हंडा भरून हात जोडतीया. म्हटलं, "मॅडम, तीन वाजलेत. ती शेडवर हाय."

"मग कधी भेटतील?"

"पहाटं पाचला."

"त्या वेळी सांगलीहून गाडी नाही हो आजी."

तवा मालन काय म्हणाली सांगू? म्हणाली, "माझ्याकडं एक जुनं लुगडं आहे. मी हंडा घेऊन उभी राहते की. पाठमोरा काढा, कोण ओळखतंय!" महिन्यामागं पाव्हण्यांसमोर जिला गरिबी नको हुती, तिला आता फोटूत पायजे. मी म्हटलं, "मालन, उभी राहा. पर हंडा भरून शाळेच्या टाकीपासनं हितवर चालत ये, म्हंजे मान बरोबर वाकंल." फोटू निघाला न्हाई.

आता माझं दुखणं. पाडव्यानंतर उसाची भांगलण हाय आन् बाई एक बी न्हाई. काल संध्याकाळी सातला जीपच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. मी, अंबूबाई, संचालकाची आई, एका बाईची वाट बघत. चंद्राबाई उतरली. म्हटलं, "चंद्रे, आठवड्यातनं एक सुट्टीचा दिवस येशील का उसाला? शेडवर मिळतो तेवढाच रोज देते."

तिनं डब्याची पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली. म्हणाली, "बघू आज्जी. इचारून सांगते."

कुणाला इचारणार हाय गं ती? घरात सासू न्हाई. नवरा ट्रॅक्टरवर, तो तिच्याच पुढं मुकाट असतो. कुणाला इचारायचं न्हाई तिला. मला वाट बघत थांबवायचं हाय, एवढंच.

थांबलीया मी. तू पाडव्याला ये.

तुझी आज्जी,
अंबूबाई